आत्या, यंदा आखाजीला घर उघड

प्रिय आत्या,

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘बोलू तरी कुणाशी? इथं पोरांची भाषा वेगळी, माझी वेगळी.’ मग जेवलीस का, तिकडे थंडी गेली का, असं दोन-चार विचारलंस आणि फोन ठेवून दिलास. तू! जिच्या ओट्यावर गल्लीतली निम्मी पोरं बोलायला शिकली, ती तू. तेव्हापासून मला तुझा राग आलाय आणि काळजीही वाटतेय. फोनवर भांडायला लागले की तू ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहिते आहे.

मुद्दाम कागदावर लिहिते आहे. तुझ्या डोळ्यांना आता माझं अक्षर लागायचं नाही, हे ठाऊक आहे मला. नातीला वाचायला सांग. गुजराती शाळेत जात असली तरी हिंदीमुळे तिला ही अक्षरं येतात. ती अडेल, मध्येच थांबेल, ‘चीक म्हणजे काय?’ असं विचारेल. तेव्हा ‘जाऊ दे, पुढं वाच’ म्हणू नकोस. तिथंच थांब आणि तिला सांग.

माझ्या चिऊबद्दल मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. साडेचार वर्षांची झाली ती. घरात आमच्याशी बोलते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तोंड मिटतं. शाळेतल्या बाईंनी सांगितल्यावर आम्ही आधी कान तपासून घेतले. कान उत्तम आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, लक्ष ठेवू, तिला माणसांत येऊ द्या. मग ज्यानं त्यानं आपापल्या परीनं काहीबाही सुचवलं. घरात चित्रांची कार्डं आली, प्राण्यांची, फळांची, वाहनांची. चिऊ ती सगळी ओळखते. गेंडा ओळखते, पेंग्विन ओळखते. पण शेजारच्या काकू दारात आल्या तर ‘या, बसा’ म्हणत नाही. लिफ्टमध्ये कुणी नाव विचारलं की माझ्या ओढणीत तोंड लपवते. गेंडा तिच्या आयुष्यात कधी येणार? शेजारच्या काकू तर रोज येतात.

तेव्हा मी बसून आठवायला लागले, आत्या नेमकं काय करायची?

तू कधी कुठल्या पोराला ‘बोल’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘पाहुण्यांना गाणं म्हणून दाखव’ असलं काही तुझ्या घरात नव्हतं. तू काम सांगायचीस. आणि ते काम असं असायचं की बोलल्यावाचून ते व्हायचंच नाही.

कुरडयांचंच घे. उन्हाळा लागला की तुझ्याकडे गहू भिजायचा. तीन दिवस भिजत ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं. पाण्याला आंबूस वास आला का, ते हुंगून सांगायचं काम सगळ्यात धाकट्याचं. तो पिंपात नाक घालायचा आणि ‘आला’ म्हणायचा. तेवढ्यानं तुझं भागायचं नाही. कालच्यापेक्षा जास्त की कमी? ताकाचा येतो तसा की चिंचेचा? तो पुन्हा नाक घालायचा, विचार करायचा आणि मग सांगायचा. तू खरंच त्याच्या उत्तरासाठी थांबलेली असायचीस, म्हणून तो सांगायचा. आज मी चिऊला कार्ड दाखवून ‘हे काय?’ विचारते तेव्हा तिला पक्कं माहीत असतं की मला उत्तर आधीच ठाऊक आहे.

आणि तुझे ते निरोप! ‘जा, पाटलीणकाकूंना विचार, सोऱ्या मोकळा आहे का. असला तर घेऊन ये. नसला तर कधी मोकळा होईल ते विचार. आणि परवा आमच्याकडे चीक आहे, पोरांना घेऊन या म्हणावं.’ पाच वर्षांच्या पोराला तू केवढा ऐवज सोपवायचीस! असला तर एक, नसला तर दुसरं, त्यात परवाचा दिवस आणि वरून आमंत्रण. काठोकाठ भरलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा तो निरोप सांभाळत आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जायचो. वाटेत कैऱ्या पाडणारी पोरं हाका मारायची. काकू घरात नसल्या तर निरोप त्यांच्या सासऱ्यांना सांगायचा. त्यांना ऐकू कमी यायचं. म्हणजे मोठ्यानं सांगायचं आणि तरी कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं. परत आल्यावर तू विचारायचीस, ‘मग काय म्हणाले?’ अर्धंच उत्तर आणलं असेल तर तू रागावायची नाहीस. पुन्हा पाठवायचीस, बस्स. जळगावच्या त्या उन्हात डोक्यावर ओला पंचा टाकून पुन्हा पाठवायचीस.

वाटलेल्या गव्हाचा चीक शिजायचा पहाटे, ऊन चढायच्या आत. मोठ्या पातेल्यात तू आणि आई आळीपाळीनं घोटायचात. हात थांबला की गुठळी झालीच. आम्ही वासानं उठून चुलीभोवती जमायचो. कुणाला चिकावर तेल-मीठ हवं, कुणाला दूध-साखर. तू सगळ्यांना विचारत बसायची नाहीस. एकाला उठवायचीस, ‘तू विचारून ये आणि मला सांग.’ मग तो एकेकाजवळ जायचा, लक्षात ठेवायचा, विसरायचा, परत जायचा. एखादा मुद्दाम मत बदलायचा, भांडण व्हायचं. ते भांडण तू सोडवायची नाहीस. ‘तुमचं ठरलं की सांगा, तोवर चीक मिळायचा नाही,’ असं म्हणून तू घोटत राहायचीस. गरम चीक समोर असला की पोरं किती लवकर समेटाला येतात!

त्या अंगणात आणखी एक गोष्ट घडत होती, ती आई झाल्यावर मला दिसली. मागच्या वर्षी गच्चीवर बसून कावळे हाकणारी पोर यंदा ताटातून चीक न्यायला लागायची. पुढच्या वर्षी सोऱ्याचा दांडा तिच्या हाती यायचा. आणि बऱ्याच वर्षांनी एका पहाटे तू तिला विचारायचीस, ‘बघ गं, झाला का?’ काम तेच, शब्द तेच, पोर मात्र वर्षानं मोठी. गेल्या साली नुसतं ऐकलेलं यंदा ती बोलायची, आणि पुढच्या साली धाकट्याला समजावून सांगायची. दुसऱ्याला सांगायला लागलं की आपल्याला काय येतं आणि काय नाही ते आपोआप उघडं पडतं. ‘गेल्या आखाजीला’, ‘येत्या भुलाबाईला’ असं म्हणता म्हणता मागचं-पुढचंही जिभेवर बसत गेलं. (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे नातीला सांग.) चिऊ अजून ‘काल’ आणि ‘उद्या’ यांची गल्लत करते. करणारच. तिचे सगळे दिवस सारखे असतात, आणि आंबा फ्रिजमधून बारा महिने निघतो.

आता तू म्हणशील, एवढं गोड नव्हतं ते सगळं. मला माहीत आहे. तुझ्या मनगटावर चिकाच्या वाफेनं भाजल्याचे डाग अजून आहेत. थोड्या मोठ्या झालो की आम्हा मुलींना पहाटे कामाला उठवलं जायचं, त्याच वयाचे मुलगे गच्चीवर झोपलेले असायचे. मीही अकरा-बारा वर्षांची झाल्यावर चिडायचे आणि तूच मला समजवायचीस. ते मला पुन्हा नको आहे, कुणाच्याच मुलीसाठी. जमलेली माणसं तेवढी हवी आहेत. मुलग्यांनी सोऱ्या दाबावा, बापांनी गहू वाटावा. तुझ्या लेकाला, दादाला, मी तसं सांगून ठेवलंय आणि तो हो म्हणालाय.

दादाचं बोलणं तू विसरलीस का गं? त्याला विचारूनच हे लिहिते आहे. ‘लिही, आईला आठवण करून दे,’ असं तो म्हणाला. सात वर्षांचा होता तेव्हा प्रत्येक शब्दाच्या दारात अडकायचा. ‘प’ आणि ‘क’ तर निघायचेच नाहीत. शाळेत पोरं नक्कल करायची, म्हणून तो बोलायचाच बंद झाला होता. भाद्रपदातली पौर्णिमा आली, भुलाबाई बसल्या, आणि टिपऱ्या घेऊन मुली घरोघर जायला लागल्या. मुलग्यांना त्यात कोण घेतं? तू त्याच्या हातात खाऊचा डबा दिलास आणि म्हणालीस, ‘आत काय आहे ते फक्त तुला ठाऊक. कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं.’

मी तिथं होते, आत्या. डबा हलवून झाला, कान लावून झाले. मग प्रश्न सुरू झाले. गोड आहे का? नाही. तळलेलं आहे का? नाही. भिजवावं लागतं का? हो. मुली एकेक प्रश्नानं वाट अरुंद करत आणत होत्या आणि सगळ्यांचे डोळे दादाच्या तोंडाकडे लागले होते. त्याच्या एका शब्दावर सगळी गल्ली खोळंबली होती आणि तो शब्द त्याला झेपण्याएवढा होता. कोजागरीला भुलाबाई पाण्यात गेल्या तोवर दादा ‘नाही, पण जवळ आलीस’ एवढं म्हणायला लागला होता.

गाण्यांचंही तसंच. तू त्याला मुलींच्या मागं उभं करायचीस. एकट्यानं बोलताना अडणारा दादा घोळक्यात गाताना कधीच अडायचा नाही. मी पुढं कधीतरी वाचलं की अडखळत बोलणाऱ्या बऱ्याच माणसांचं असं होतं, सूर आणि सोबत मिळाली की शब्द वाहतात. तुला हे कुणी सांगितलं होतं? तू चौथी शिकलेली. तू नुसतं पाहिलं होतंस, आणि पाहिलेलं वापरलंस. त्याचं अडखळणं पुरतं गेलं नाही, आजही घाईत असला की ‘प’वर थांबतो. पण तोच दादा आज सुरतेच्या साडीमार्केटात दिवसभर गिऱ्हाइकांशी चार भाषांत बोलतो. आणि त्याच्या घरी, आत्या, तू गप्प बसतेस. माझा राग आहे तो इथं.

भुलाबाईची ती गाणी किती लांबत जायची! एकेक कडव्यात एकेक माणूस नाहीतर एकेक वस्तू वाढत जायची. सासू, सासरे, दीर, जावा, नणंदा, सगळी नाती तिथंच पाठ झाली. आता काही जणी म्हणतात, मुलींच्या तोंडी सासुरवासाची गाणी कशाला घालायची? मला तसं वाटत नाही. ज्या गोष्टी एकटीनं तोंडातून काढायची सोय नव्हती, त्या बायका-मुली फेरात उभ्या राहून मोठ्यानं म्हणत होत्या. दुखणं शब्दांत सांगता येतं, आणि आपण सांगू लागलो की आणखी चौघी सूर मिळवतात, हे मुलीला लहानपणी कळलेलं बरं. तूही तुझ्या वाट्याचं बरंचसं तिथंच म्हणून घ्यायचीस ना? मी कधी विचारलं नाही.

आपल्या जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं. १८८० ते १९५१ एवढं त्यांचं आयुष्य. शेतात आणि जात्यावर सुचलेलं त्या बोलत गेल्या. त्यांच्या लेकानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली त्याचं पुस्तक निघालं. म्हणजे ऐकणारं आणि टिपणारं माणूस घरातच होतं. लहान मुलाचं याहून वेगळं काय असतं? हात कामात असतात, शेजारी कुणीतरी ऐकणारं असतं, आणि शब्द येतात.

तुला पटावं म्हणून एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी नावाच्या मोठ्या संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला. चार ते सहा वर्षांची ३६ मुलं घेतली, त्यांच्या घरातलं बोलणं दिवसभर ध्वनिमुद्रित केलं, आणि ती गोष्टी ऐकत असताना त्यांच्या मेंदूत काय चालतं ते यंत्रातून पाहिलं. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा, मोठं माणूस बोललं, मूल बोललं, पुन्हा मोठं माणूस बोललं, अशी देवघेव किती झाली, त्याचा भाषेशी संबंध असणाऱ्या मेंदूच्या भागाशी जास्त मेळ दिसला. घर गरीब की श्रीमंत, याचा हिशेब धरूनही तेच दिसलं. हे वाचलं तेव्हा मला तुझं ‘मग काय म्हणाले?’ ऐकू आलं.

आणि आपल्याकडे हे आधीच ओळखणारी माणसं होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्या कुरणात शाळा भरवायच्या. मूल ज्या कामात आणि ज्या माणसांत आहे, तिथंच त्याला गाठायचं. तुझं अंगण तर आयतंच होतं.

हिवाळ्यातलं भरीत आठवतं? मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात ती हिरवी लांबट वांगी, मग बडगीत ठेचणं, मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून तेल. केळीच्या पानावर कळण्याची भाकरी. आपल्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी तुला हौसेनं बातमी सांगितली होती. तू म्हणालीस, ‘वांग्याला कागद मिळाला, आता मळ्यात माणसं बोलवा.’

माझ्या डोळ्यांसमोर जाळापेक्षा पंगत जास्त येते. वाढायला तू मुलांना उभं करायचीस. भरिताचं पातेलं दोघांत धरायचं आणि ओळीनं पुढं सरकायचं. प्रत्येकाला हाक मारून विचारायचं. काका, वाढू? मामी, थोडं घ्या ना. आजोबा, तिखट आहे, दही आणू का? नुसतं पानात टाकून पुढं गेलेलं तुला खपायचं नाही. आणि मग ते अवघड शिक्षण. एक जण ‘नको’ म्हणतो ते पोट भरलंय म्हणून, दुसरा म्हणतो ते भीड म्हणून. कुणाला पुन्हा विचारायचं आणि कुणाला नाही? तू लांबून डोळ्यांनी खुणावायचीस, ‘त्यांना आणखी एकदा.’ समोरच्या माणसाचा चेहरा वाचायला मी तिथं शिकले. आज कामावर दहा जणांच्या बैठकीत कोण मनापासून हो म्हणतंय आणि कोण नाइलाजानं, हे मला कळतं. ते मी कुठल्या वर्गात शिकले नाही.

पोळ्याचं, संक्रांतीचं आणि पावसाळ्यात दिवे गेल्यावर घातलेल्या कोड्यांचं लिहीत बसले तर पत्र संपायचं नाही.

इथं पुण्यात मी काय केलं ते ऐक. गेल्या उन्हाळ्यात बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. अगदी थोड्या, एका प्लॅस्टिकच्या कागदावर मावतील एवढ्या. कबुतरं हाकायला चिऊ. मग तिला शेजारी पाठवलं, ‘काकूंना विचार, मोठी परात आहे का.’ ती त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि तशीच परत आली. मी विचारलं, ‘मग काय म्हणाल्या?’ ती पुन्हा गेली. मी दाराच्या फटीतून पाहत होते आणि तुझ्यासारखं पोळपाटाशी शांत बसणं मला फार जड गेलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिनं हातांनी गोल करून दाखवला आणि ‘मोठी’ म्हणाली. काकू शहाण्या निघाल्या. त्यांनी लगेच परात दिली नाही. ‘कशाला हवी गं?’ असं विचारलं आणि थांबल्या. चिऊ म्हणाली, ‘पापडी.’ दोन शब्द, आत्या. पण ते अशा दारात उभं राहून बोललेले होते, जिथं तिची आई नव्हती.

नवरात्रात सोसायटीत भोंडला केला. पाटावर हत्ती काढला, पार्किंगमध्ये फेर धरला. खिरापतीचा डबा मी चिऊच्या हातात दिला. पुढचं तुला सांगायला नकोच. सगळ्या मुलांसमोर तिनं ‘नाही’ म्हटलं, ते एवढं मोठ्यानं की वॉचमनकाकांनी वळून पाहिलं. ती लगेच बडबडी झाली असं नाही. अजूनही लिफ्टमध्ये गप्पच असते. पण आता मला काय करायचं ते माहीत आहे, आणि ते एकटीला पुरं पडायचं नाही हेही माहीत आहे. तीन माणसांच्या घरात निरोप कुणाकडून कुणाकडे पाठवणार? चिऊला ऐकू कमी येणारे आजोबा हवेत, मत बदलणारी भावंडं हवीत, भीड म्हणून नको म्हणणारी मामी हवी. आणि तू हवीस.

तू म्हणतेस सुरत वेगळी. अगं, तुझ्या घरापासून थोड्या अंतरावर जी नदी वाहते ती भुसावळवरूनच आली आहे ना? तिथं थंडीत तापीकाठी पोंक मिळतो, हिरव्या ज्वारीचा, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर. आपल्या हुरड्याचंच भावंड ते. नातवंडांना घेऊन एकदा तरी गेलीस का? त्यांना सांगितलंस का की कणसं भाजायची कशी, हातावर चोळून दाणे पाखडायचे कसे? उत्तरायणाला सगळी सुरत गच्चीवर असते. पतंग उडवणारा ओरडतो आणि फिरकी धरणाऱ्याला त्याच्या शब्दाबरोबर दोरा सोडावा-गुंडाळावा लागतो. तुझा धाकटा नातू फिरकी धरतो म्हणे. मग तू खाली घरात का बसून होतीस? नवरात्रात तुमच्या अंगणात गरबा होतो, भुलाबाईचाच महिना तो. डबा न्यायला कुणाची परवानगी लागते का? खाऊ ओळखायला कुठली भाषा लागते? गोड की तिखट, एवढं तर सगळ्यांना समजतं.

आणि भाषेचं म्हणशील तर नातीला गुजरातीत विचारू दे, तू मराठीत उत्तर दे. दोन भाषा कानावर पडल्यानं मुलं मागं पडत नाहीत. तुझ्याच घरात पुरावा आहे, दादा चार भाषांत दुकान चालवतो. वहिनीला वाटतं, सासूबाईंना त्रास नको म्हणून मुलांना लांब ठेवावं. तुला वाटतं, सुनेच्या घरात लुडबुड नको. दोघी एकमेकींची भीड धरून बसल्या आहात आणि मधल्या मधे दोन पोरं मोबाइल बघताहेत. तू मला डोळ्यांनी खुणावायचीस तशी मी तुला इथून खुणावते आहे. वहिनीला आणखी एकदा विचार. तिचं ‘नको’ भिडेचं आहे.

तर माझं मागणं असं. यंदा आखाजीला गावचं घर उघड. किल्ली तुझ्याकडे आहे. त्या दिवशी मुलांच्या शाळा असतील तर मेच्या पहिल्या आठवड्यात उघड, पण उघड. आम्ही पुण्याहून येतो, तुम्ही सुरतेहून या, नाशिकची माणसंही येतो म्हणाली आहेत. लिंबाला झोका बांधू. कुरडया घालू, फार नाहीत, मुलांना पुरतील एवढ्या. चोथ्याच्या भुसवड्याही करू, दादाला आवडतात. चुलीपाशी तू बसायचं नाही. तू बाजेवर बसून नुसती कामं सांगायचीस, कुणी कुणाकडे जायचं आणि काय विचारून यायचं. घोटायला दादा आणि आमचे हे आहेत. गहू मी इथून आणते, लोकवन चालेल ना? सोऱ्या तुझ्या ट्रंकेत आहे की पाटलीणकाकूंकडेच राहिला? त्यांच्या सुनेला फोन करू का? बडगीला वाळवी तर लागली नसेल?

या सगळ्यांची उत्तरं तू फोनवर देऊ नकोस. नातीकडून पाठव. तिनं मला फोन करायचा आणि तिच्या तोंडानं सांगायचं, कधी निघताय, किती जण, सोऱ्या कुठं आहे, आणि आजी आणखी काय आणायला सांगतेय ते. गुजरातीत सांगितलं तरी चालेल, मी चिऊला शेजारी बसवीन आणि आम्ही दोघी मिळून समजून घेऊ. अर्धा निरोप आणला तर तिला मी परत तुझ्याकडे पाठवीन, हे तिला आधीच सांगून ठेव.

वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी भाची